बिनधुराचं कपाट

नवऱ्याने घरातली एखादी चालती वस्तू हातात घेऊन तिच्याकडे मायेने बघायला सुरुवात केली, की बायको ती लपवायला जागा शोधायची. बिघडलेल्या वस्तूंकडे तो तसा कधी बघत नसे. स्वयंपाकघरातला नळ वर्षभर गळत राहिला तरी त्याची झोप मोडत नसे. त्याला ओढ असायची ती धडधाकट, बिनतक्रार, आपलं आपलं काम करत पडलेल्या वस्तूंची. "हिच्यात सुधारणेला वाव आहे," असं तो म्हणाला, की त्या वस्तूचे दिवस भरले असं समजायचं.

इस्त्रीत वाव निघाला आणि इस्त्री गेली. दारावरच्या घंटेत वाव निघाला, तेव्हापासून ती रस्त्याने कुत्रं गेलं तरी वाजायची आणि माणूस दाबून दाबून थकला तरी वाजायची नाही. मग त्याने तिच्या शिवणयंत्राकडे मोर्चा वळवला. लोकांचे कपडे आखूड-लांब, सैल-घट्ट करून देण्यावर आता घर चालत होतं, त्यामुळे त्या यंत्राला हात लावणं म्हणजे जळत्या चुलीत पाणी ओतणं. पण त्याने लावला. पाय कमी-जास्त दाबला तरी वेग एकसारखा राहावा म्हणून पेडलमध्ये काहीतरी बसवलं. वेग एकसारखा राहिला. इतका, की पाय उचलला तरी यंत्र थांबेना आणि एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवले गेले. अगदी सरळ रेषेत, हे मात्र कबूल करायला हवं.

त्या गिऱ्हाइकासमोर तिने काय काय ऐकून घेतलं ते तिचं तिला ठाऊक. नवरा शेजारी उभा राहून म्हणाला होता, "टाका बघा किती समान पडलाय."

असा माणूस मूळचा मूर्ख नसतो, घडवावा लागतो. याला बिस्किटांच्या कारखान्याने घडवला. भट्ट्यांचं तापमान सांभाळणं हे त्याचं काम. तिथे सगळे त्याला पारा म्हणत. भट्टी दोन डिग्री वर गेली की बिस्किटाची कड काळी, दोन डिग्री खाली आली की पोट कच्चं. त्यामुळे तापमान हलू न देणं म्हणजेच चांगुलपणा, असं काहीतरी त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. मग कारखान्याने ते काम करणारी एक पेटी आणली. पेटी पगार मागत नव्हती, आजारी पडत नव्हती आणि तिला कोणी पारा म्हणण्याची गरज नव्हती. पाऱ्याला हार घातला, दोन शब्द बोलले आणि आठवण म्हणून बिस्किटांचाच डबा दिला. तो डबा त्याने अजून उघडला नव्हता. ती मात्र रोज त्याच्याकडे बघून मनातल्या मनात त्या कारखान्याचा उद्धार करायची. बिस्किटंसुद्धा दिली ती साधी. क्रीमची नाहीत.

तर आता पाळी आली होती धुराच्या कपाटाची.

ते कपाट ताईचं. म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचं. ताईच्या नवऱ्याचं, दाजींचं, धुरावलेल्या मांसाचं दुकान होतं. मागच्या खोलीत दरवाजाएवढी उंच चार कपाटं, त्यांत मांस टांगायचं, खाली विजेची कॉइल, कॉइलवर लाकडाच्या ढलप्यांचा ट्रे, ढलप्या धुमसणार आणि धूर मांसात मुरणार. घरासाठी दाजींनी तसलंच छोटं कपाट घेतलं होतं, फ्रिजएवढं. ते जुनं झालं तेव्हा ताईने ते धाकट्या बहिणीला दिलं. "तुला उपयोगी पडेल गं," असं म्हणून. ताईला नको असलेली प्रत्येक वस्तू धाकटीला उपयोगी पडायची.

कपाटाला एक गोल बटण होतं आणि आत थर्मोस्टॅट. तापलं की बंद, गार झालं की चालू. पण त्याला कळायला वेळ लागायचा, त्यामुळे आतली उष्णता कधी वीस डिग्री वर, कधी वीस डिग्री खाली. मांस कधी एका बाजूने कोरडं व्हायचं, कधी हाडाशी कच्चं राहायचं. पण धूर मात्र झक्कास यायचा. वरच्या मजल्यावरची बाई खिडक्या धडाधड आपटून घ्यायची, तिच्या वाळत घातलेल्या चादरींना वास लागायचा म्हणून.

मागच्या भेटीत दाजींनी पोट भरल्यावर हात पुसत विषय काढला होता. "पारा, किती दिवस घरात बसणार? माझ्याकडे ये. पुड्यांवर लेबलं चिकटवायला माणूस हवाच आहे. बसून काम. डोकं लावायला नको."

"डोकं लावायला नको" हे त्यांनी सोय म्हणून सांगितलं होतं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो ताटलीतल्या हाडाकडे बघत होता. मग म्हणाला, "साडूभाऊ, तुमच्या कपाटांचं तापमान फार हलतं. निम्मा माल त्यामुळेच कोरडा होतो. मी कंट्रोलर बसवून देतो. अर्धा डिग्रीसुद्धा हलणार नाही."

दाजी हसले. दाजींचं हसू पोटापासून निघायचं आणि समोरच्याच्या अंगावर सांडायचं. "आधी घरच्या कपाटात करून दाखव. पुढच्या रविवारी जेवायला येतो. जमलं तर चारही कपाटं तुझ्या हवाली, दुकानाचा मेकॅनिक तू. आणि नाही जमलं तर गुपचूप सोमवारी ये. लेबलांवर."

"बिचाऱ्यांना असं कोंडीत काय पकडता?" ताई म्हणाली. ताईच्या तोंडून 'बिचारे' हा शब्द साखरेच्या पाकासारखा गळायचा.

त्या दिवसापासून तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. ती स्वतः नवऱ्याला उठता-बसता मूर्ख म्हणायची, पण तो घरचा मामला होता. तिला हक्क होता, सवय होती आणि तिचं म्हणणं खरंही होतं. पण दाजींच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, ॲप्रन बांधून लेबलं चिकटवणाऱ्या आपल्या नवऱ्याला दाजींनी मूर्ख म्हणायचं? ते तिला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं. आणि आणायचं नाही म्हटलं की ते हटकून यायचं.

त्याने आठवडाभर कपाट उलटंपालटं केलं. बटण काढलं, तिथे भोक राहिलं, भोक मोठं केलं, त्यात लाल आकड्यांची एक डबी बसवली. पाठीमागून वायरी निघाल्या. एक लांब सळईसारखा सेन्सर मांसाच्या उंचीवर आत सोडला. ती शिवता शिवता चष्म्यावरून बघायची.

"यात नवीन काय आहे ते तरी सांगा. गरम तेही करत होतं."

"जुना थर्मोस्टॅट म्हणजे रागीट माणूस," तो म्हणाला. "एकदम पेटायचा, एकदम विझायचा. हा समजूतदार आहे. आधीच ओळखतो किती लागणार ते, आणि जराजराशी वीज सोडतो. थेंब थेंब."

"म्हणजे मी थर्मोस्टॅट."

"मी कुठं तुझं नाव घेतलं?"

"घ्यायला कशाला हवं? चेहऱ्यावर दिसतंय."

स्क्रू ड्रायव्हर तोंडात धरून तो हसला, असं तिला वाटलं. तेवढ्यानेही तिला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला.

रविवारी सकाळी लवकरच तिने बरगड्यांना मीठ, मिरी, साखर चोळून ठेवली होती. त्याने त्या मागच्या फरशीवर नेऊन कपाटात टांगल्या, ढलप्यांचा ट्रे भरला, दार लावलं आणि दारावर कागद चिकटवला. सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'दार उघडू नये.' घरात दोघंच जण. म्हणजे कागद कोणासाठी होता ते उघड होतं.

मग तो समोर स्टुलावर बसला. आकडा चढत चढत एकशे दहावर आला आणि तिथेच थांबला. थांबला म्हणजे मेल्यासारखा थांबला. शेजारचा बारीक लाल दिवा लुकलुकत होता, लुक, लुक, लुक. नवरा त्या आकड्याकडे असा बघत होता, जसं बाप पाळण्यात झोपलेल्या पोराकडे बघतो.

"हे चालू आहे ना?" ती चहा घेऊन आली. "का आकडा रंगवलाय?"

"बघ ना. हलतच नाही."

"तुमच्यासारखाच."

चहा संपला. आणखी वेळ गेला. तिने बटाटे उकडत लावले, ताईला आवडतो तो पाव आणला, टेबलावरचा चिंध्यांचा पसारा आवरला. बाहेर आली तर वरच्या मजल्यावरची बाई कठड्यावरून वाकून बघत होती, आणि तिच्या दोरीवर चादरी वाळत होत्या. पांढऱ्या शुभ्र.

"आज काही केलं नाहीत वाटतं?" ती बाई म्हणाली. "म्हटलं धूर नाही. बरं नाही का कोणाला?"

उत्तर द्यायचं सोडून ती वळली. तिने कपाटाकडे पाहिलं. वरच्या धुराड्यातून काहीसुद्धा येत नव्हतं. तिने नाक जवळ नेलं. गरम हवा. बस्स.

"अहो, धूर कुठंय?"

"चांगला धूर दिसत नाही," तो आकड्यावरची नजर न काढता म्हणाला. "पांढरा लोट येतो तो वाईट धूर. कडवट. चांगला धूर अगदी विरळ असतो."

"वासही नाही."

"सूक्ष्म असतो तो."

"दिसत नाही, वास येत नाही, नुसतं आहे म्हणून सांगायचं," ती म्हणाली. "तुमच्या नोकरीसारखं."

बोलून झाल्यावर तिला कळलं की हे जरा खोल गेलं. तो उठला, स्टूल भिंतीला लावून ठेवलं आणि "अंघोळ करून येतो" म्हणून आत गेला. भांडला असता तर परवडलं असतं. या माणसाला सगळे पारा म्हणायचे, पण पारा चढायचा तो तिचा एकटीचा.

न्हाणीघराचा नळ सुरू झाल्याचा आवाज आला तशी तिने कागदाकडे एक तुच्छ नजर टाकली आणि दार सताड उघडलं.

आतून उकडलेल्या मांसाचा वास आला. इस्पितळातल्या जेवणासारखा. बरगड्या फिकट, घामेजलेल्या. खालच्या ट्रेमधल्या ढलप्या जशाच्या तशा, दवाखान्यात नंबर न लागलेल्या पेशंटसारख्या ताटकळत बसलेल्या. एकीलाही साधा डाग पडला नव्हता.

"झालं!" ती त्या बरगड्यांनाच म्हणाली. "हे वाढायचं आता दाजींना! अर्धा डिग्री हलला नाही म्हणे. अरे पण मांस कुठं हललं! मेलेलं जनावर पुन्हा मारलंत तुम्ही. एवढी वर्षं भट्टीसमोर काढली आणि तुम्हाला धूर आहे की नाही ते कळू नये? आता घाला ॲप्रन. चिकटवा लेबलं. आणि ती तरी सरळ चिकटवा, नाहीतर त्यातही सुधारणा कराल. आणि मी काय करू? दर वेळी ताईच्या दुकानात गेले की तुमच्याकडे बघायचं नाही म्हणून भिंतीकडे बघत बसू?"

दम घ्यायला म्हणून ती थांबली. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो लाल दिवा आता लुकलुकत नव्हता. टक्क पेटून राहिला होता. आकडा खाली, खूपच खाली आला होता. ट्रेखालची कॉइल लालबुंद झाली होती. एका ढलपीची कड काळी पडली, मग दुसरीची, आणि निळसर धुराची एक बट वळवळत वर आली. तिच्या मागून दुसरी.

आपण काहीतरी जाळलं असं वाटून तिने दार घाईघाईने लावलं. धुराड्यातून धूर येऊ लागला. खरा, वासाचा, डोळ्यांत जाणारा धूर.

तो केस पुसत बाहेर आला आणि थबकला. "बघ!" म्हणाला. "म्हटलं नव्हतं? जरा धीर धरायचा असतो."

तिने जीभ दाताखाली धरली. क्वचितच धरायची.

"आकडा खाली गेला होता वाटतं," तो वाकून बघू लागला. "वारा असेल. पण सावरला बघ कसा! एका दमात वर आणि परत जागेवर. एक डिग्री पुढे गेला नाही."

"हो," ती म्हणाली. "वाराच."

थोड्या वेळाने धूर पुन्हा बंद झाला. आकडा एकशे दहा, दिवा लुक लुक, कपाट गप्प. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं, त्याला आकडा पुरे होता. बिस्किटाला कोण धूर देतं? त्याच्या सगळ्या आयुष्यात भट्टीतून धूर येणं म्हणजे अपघात होता. त्यामुळे धूर दिसला तरी तो चांगला आणि नाही दिसला तर आणखी चांगला, असा त्याचा हिशोब होता.

तिने त्याला पावासाठी लोणी आणायला पिटाळलं आणि दार उघडलं. दिवा पेटून राहिला, कॉइल तापली, ढलप्या धुमसल्या. लावलं. तो आल्यावर तिने त्याला दाढी करायला पाठवलं. उघडलं. मग खुर्च्या आणायला. उघडलं. असं का होतं ते तिला कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. उघडलं की धूर, हे दिसत होतं. शिवणाच्या कामात असंच असतं, कापड का ताणतं ते कापडाला विचारत बसायचं नाही, ताणतंय तिथे चुण्या घालायच्या. आणि प्रत्येक वेळी दार उघडून ती नुसती उभी राहायची नाही. तोंड चालूच असायचं. कारखान्यापासून सुरुवात करून ती घंटेवर यायची, घंटेवरून पँटवर, पँटवरून त्याच्या आईने केलेल्या लाडांवर. मनात हेही म्हणायची, की मी हे माझ्यासाठी करतेय, ताईसमोर माझं नाक जायला नको म्हणून. त्याचा काही संबंध नाही. त्याची लायकी लेबलांचीच आहे.

वरच्या बाईने चादरी आत घेतल्या.

ताई आणि दाजी आले ते बाहेरूनच वास घेत आले. दाजींनी कपाटाभोवती एक फेरी मारली, डबीवर टिचकी मारली. "हे घड्याळ कशाला लावलंस रे?"

"तापमान आहे ते."

"भूक लागल्यावर वाजतं का?"

जेवायला बसले. बरगड्या तांबूस-काळ्या, चकचकीत, आणि कापल्यावर कडेने गुलाबी. दाजींनी पहिला घास घेतला आणि बोलायचे थांबले. ताईला आठवत नव्हतं ते शेवटचे कधी असे थांबले होते ते. दुसरा घास घेतला. हाड चोखलं, उजेडात धरून बघितलं.

"कोरडं नाही कुठे," ते जरा नाराजीनेच म्हणाले. "हाडाशीसुद्धा शिजलंय. आणि धूर तर... पारा, लेका, धूर कसला मुरलाय!"

"तापमान स्थिर असलं की सगळं होतं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "आज वारा खूप होता. सारखा आकडा पडत होता. पण दर वेळी सावरला."

"ठरलं," दाजींनी टेबलावर थाप मारली. "उद्याच ये. चारही कपाटं. जुनी बटणं काढून फेकून दे. आठवड्याचा सगळा माल उद्या चढवायचाय, तुझ्याच हाताने चढू दे. काय गं, धाकटे, नवऱ्याने दिवे लावले शेवटी!"

ताई हसली. नवरा तिच्याकडे बघून हसला. गेल्या कित्येक महिन्यांत तो असा सगळ्या तोंडाने हसला नव्हता. तिने बटाट्याचा तुकडा तोंडाशी नेला आणि परत ताटलीत ठेवला.

चार कपाटं. आठवड्याचा माल. आणि दार लावून हा माणूस स्टुलावर बसणार, आकड्याकडे बघत. चार कपाटं भरून इस्पितळाचं जेवण. तिथे दार उघडायला कोण जाणार? उद्या संध्याकाळी दाजींच्या दुकानात, सगळ्या नोकरांसमोर... आज हसतोय तेवढं हसून घेऊ दे, असं एकदा तिच्या मनात आलं. पण ती काही तसली बायको नव्हती.

"कसला डोंबलाचा वारा," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"वारा-बिरा काही नव्हता. मी दार उघडत होते."

"कधी?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही पाठ फिरवलीत की. अंघोळीला गेलात तेव्हा. लोण्याला गेलात तेव्हा. दार बंद असलं की तुमच्या त्या कपाटातून धूर म्हणून येत नाही. ढलप्या नुसत्या शेकत बसतात. दार उघडलं, आकडा पडला, की ती कॉइल लाल होते आणि मग धूर येतो. मी दिवसभर हेच करतेय. तुमची समजूतदार डबी काही कामाची नाही."

मग दाजींचं हसू निघालं, पोटापासून, आणि सगळ्या टेबलावर सांडलं. "म्हणजे धूर हिने केला! अरे, मग मी कंट्रोलर कशाला घेऊ? मेहुणीलाच दारापाशी उभी करतो!"

"बिचारे," ताई म्हणाली. "अगं, पण आताच सांगायची काय गरज होती? चारचौघांत?"

"उद्या सांगितलं असतं तर तुमच्या मालाची माती झाली असती," ती म्हणाली. आवाज चढला होता, कारण नवऱ्याकडे बघण्याची तिची हिंमत नव्हती. तिने फक्त ऐकलं. त्याने काटा ताटलीत ठेवल्याचं ऐकलं. खुर्ची सरकल्याचं ऐकलं.

"किती वेळ उघडं ठेवायचीस?" त्याने विचारलं.

"काय?"

"दार. एका वेळी किती?"

"तुम्हाला शिव्या घालून होईपर्यंत."

"म्हणजे बराच वेळ," तो म्हणाला आणि हात न धुताच मागच्या दाराने बाहेर गेला.

तो रडायला गेला असं ताईला वाटलं. तसं ती हळूच म्हणालीसुद्धा. पण बाहेरून ट्रे ओढल्याचा, ढलप्या ओतल्याचा आवाज आला, आणि मग त्याची हाक. "अगं, ये जरा!"

ती गेली. मागोमाग हातात बरगडी घेऊन दाजी आणि पदर-बिदर सावरत ताई. कपाट बंद होतं, आकडा एकशे दहावर येऊन थांबत होता. तो स्टुलावर नव्हता. जमिनीवर आडवा झाला होता, गाल फरशीला लावून, खालच्या फटीतून कॉइलकडे बघत.

"थांब... आता स्थिर झाला. हां, उघड. आणि बोल."

"काय बोलू?"

"सकाळी बोललीस तेच. तेवढंच. मध्ये कमी करू नकोस."

तिने दार उघडलं. ऊब तोंडावर आली. बोलायला म्हणून तिने तोंड उघडलं आणि काही सुचेना. दाजी दात कोरत बघत होते. खाली तो पडला होता, इस्त्री केलेला शर्ट फरशीवर घासत, केसांत भुसा. डोक्यावरचे केस किती कमी झालेत ते तिला वरून दिसलं. आयुष्यभर जी जीभ कोणाच्या बापाला ऐकली नाही, ती टाळ्याला चिकटून बसली.

"बोल ना!" तो ओरडला. "आकडा पडतोय!"

"मूर्ख," ती कशीबशी म्हणाली.

"पुढे."

"बिस्किटवाले. आयुष्यभर बिस्किटं भाजलीत आणि मांसाला बिस्किट समजलात." आता जरा वाट सापडली. "मांसाला धूर लागतो एवढं साधं कळू नये? ढलप्यांना कोण पेटवणार, तुमचे काका? जराजराशी वीज म्हणे, थेंब थेंब! थेंबाने कोणी पेटतं का? माणूस पेटायचा तर त्यालाही..."

"तेच!" तो म्हणाला. कॉइल लाल झाली होती, पहिली बट वर आली होती. तो कोपरावर उठून बसला. "तेच तर. एकाच कॉइलला दोन कामं सांगितली मी. मांसाला हवी हलकी, सारखी ऊब, आणि ढलपीला हवा आहे चटका. कपाट स्थिर केलं की चटका मिळणार कुठून? ढलप्यांना वेगळी शेगडी द्यायला हवी. छोटीशी. तिचा या आकड्याशी संबंधच नको." मग तो दाजींकडे वळला, आणि बसल्या बसल्याच, कपाळावरची काजळी पुसत म्हणाला, "साडूभाऊ, उद्या येत नाही. आलो असतो तर तुमचा सगळा माल वाया घालवला असता. चूक माझी. मी तो विचारच केला नव्हता."

दाजी हसायच्या तयारीत होते. तोंड उघडलेलं होतं. पण हसू काही निघालं नाही. दुकानात वीस नोकर असतील, पण माल वाया जाण्याआधी येऊन असं सांगणारा त्यांना एकही भेटला नव्हता. त्यांनी हातातल्या हाडाकडे पाहिलं, धुराकडे पाहिलं.

"चार नाही देणार," ते म्हणाले. "धंदा आहे माझा, खेळ नाही. मागे एक कपाट पडलंय, बंद. त्याच्यात कर काय करायचं ते. दार लावून धूर आला तर पुढचं बघू."

"आणि लेबलं?" ताईने विचारलं. ताई कुठलीच गोष्ट अर्धवट सोडायची नाही.

नवऱ्याचे डोळे चमकले. "लेबलं हाताने कशाला चिकटवता? त्यात बराच वाव..."

"अजिबात नाही!" दाजी आणि ती एकदमच ओरडले.

दाजी पुटपुटत आत गेले, ताई त्यांच्या मागे. तो गुडघ्यांवर उभा राहून ढलप्यांच्या ट्रेची लांबी वितीने मोजत होता, शेगडी कुठे बसेल ते स्वतःशीच सांगत होता. धूर आता चांगलाच येत होता, तिच्या डोळ्यांत जात होता, साडीला लागत होता.

"दार लाव आता," तो म्हणाला. "झालं माझं बघून."

"तुमचं झालं असेल," ती म्हणाली. तिने कंबरेवर हात ठेवला आणि दार तसंच धरून ठेवलं. "माझं अजून व्हायचंय."